फुकट आणि मुक्त : एका जाहिरातीची चिकित्सा

जाहिरात हे वाङ्मय आहे काय, या प्रश्नाला आपल्याकडे फारसे कोणी हात घातलेला नाही. माझ्या मते ते वाङ्मयच आहे, आणि सर्वांत जास्त वाचले जाणारे. कथाकवितेच्या वाटेला न जाणारा माणूसही भिंतीवरची जाहिरात वाचतो. म्हणून तिच्यात कोण बोलतो, कोणाशी बोलतो आणि कोणाला गप्प बसवतो, हे तपासणे आपले काम आहे.

याला निमित्त घडले ते आमच्या वराळ्यात. तळेगाव दाभाड्याला लागून असलेले हे मावळातले गाव. वस्तीतल्या अभ्यासिकेत एका कारखान्याने वापरून काढलेले सहा संगणक आहेत. त्यांवर विंडोज 10 होती. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज 11 ला नवा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 लागते, ते या यंत्रांत नाही. यंत्रे धडधाकट, पण भंगाराच्या लायकीची ठरली. आमच्या पोरांनी ठरवले, यांवर लिनक्स घालायचे आणि आसपासच्या वस्त्यांनाही हे सांगायचे. सांगायचे म्हणजे जाहिरात आली. त्या बैठकीला त्यांनी मला बोलावले. मी शाळामास्तर होतो. मुले अजून सर म्हणतात.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राच्या सर्व अवयवांकडून काम करून घेणारी मुळातली आज्ञावली. ती डोळ्यांना दिसत नाही. न दिसणारी वस्तू विकायची तर स्वप्न विकावे लागते. मुलांनी नमुन्यादाखल जगातल्या गाजलेल्या जाहिराती मला दाखवल्या.

पहिली 22 जानेवारी 1984 ची, ॲपलच्या मॅकिन्टॉशची. राखी कपड्यांतले, डोकी भादरलेले कामगार रांगेने बसून पडद्यावरच्या हुकूमशहाचे भाषण ऐकत आहेत. एक तरुणी धावत येते आणि हातोडा फेकून पडदा फोडते. जगाने हिला विद्रोहाची जाहिरात म्हटले. मला त्यात विद्रोह दिसला नाही. रांगेतला एकही माणूस उठत नाही, बोलत नाही. त्यांची मुक्ती बाहेरून कोणी आणून द्यायची आहे. उद्धारकाची वाट पाहणारा समुदाय आपल्याला पुष्कळ साहित्यातून दाखवला गेला आहे. आपली चळवळ त्या चित्राला नकार देऊनच उभी राहिली. शिवाय त्या यंत्राची किंमत 2495 डॉलर होती. रांगेतल्या कामगाराला ते घेता आले असते काय, हे जाहिरात विचारीत नाही.

दुसरी विंडोज 95 ची. 24 ऑगस्ट 1995 रोजी ती बाजारात आली, तेव्हा रोलिंग स्टोन्सचे गाणे वाजले, न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट इमारत तिच्या रंगांत उजळली आणि लंडनच्या 'टाइम्स'चा त्या दिवशीचा अंक वाचकांना फुकट वाटला गेला. म्हणजे वस्तू विकत आणि तिची बातमी फुकट. फुकट हा शब्द भांडवलाला कधी आठवतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तिसरी लिनक्सचीच, पण आयबीएमने 2003 साली केलेली. सोनेरी केसांचा एक मुलगा पांढऱ्याशुभ्र खोलीत बसला आहे आणि थोरथोर माणसे येऊन त्याला आपापली विद्या देत आहेत. लिनक्सचा गाभा लिनस टॉरव्हाल्ड्स याने 1991 साली लिहायला घेतला हे खरे. पण तो वाढला देशोदेशीच्या असंख्य हातांनी. जाहिरातीने ते सगळे हात पुसले आणि त्यांच्या जागी एक गोरा, हुशार मुलगा बसवला. गुरू त्याच्या दारी चालत येतात. ज्याला अंगठा द्यावा लागला त्याच्या वंशजांनी हे चित्र बिनतक्रार कसे पाहावे?

मग आमच्या फळ्यावर ओळी लिहिल्या गेल्या. पहिली : 'फुकट! फुकट! फुकट!' दुसरी : 'गरिबांचे विंडोज'. तिसरी : 'तुमचे बॉस तुम्हीच'. तिसरीला कारण होते. पुण्यात 1988 साली स्थापन झालेल्या सी-डॅकने आपल्या चेन्नई केंद्रातून 2007 साली 'भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स' ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली काढली. आद्याक्षरे जुळवली की होते 'बॉस'. तीत मराठीचीही सोय आहे. पण माणसांना मालकीतून सोडवणाऱ्या वस्तूचे नाव मालक असावे, हे मला पटेना. "सर, नाव त्यांनी ठेवलंय, आपण काय करणार?" एक मुलगा म्हणाला. मी म्हणालो, "नाव त्यांचं असू दे, पण ओळ आपली आहे."

'गरिबांचे विंडोज' ही ओळ मी खोडायला सांगितली. ती वाचणाऱ्याला आधी त्याची पायरी दाखवते आणि मग वस्तू देते. पण खरा वाद पहिल्या ओळीवर झाला. मुले म्हणाली, फुकट आहे हे खरेच आहे, मग खरे का लिहू नये?

माझे म्हणणे असे. आपल्या लोकांच्या इतिहासात फुकट हा शब्द निष्पाप नाही. येसकराच्या पाळीला घरोघर फिरून मागून आणलेली भाकरी फुकटच होती. तिची किंमत पाठीच्या कण्याने मोजली. फुकट देणारा देतो आणि उपकार ठेवतो. घेणारा घेतो आणि मान खाली घालतो. इंग्रजीत फुकट आणि स्वतंत्र या दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून तिथल्या लोकांना फरक समजावताना फार कष्ट पडतात. मराठीत दोन शब्द आहेत : फुकट आणि मुक्त. भाषेने हा फरक आयता हाती दिला असताना आपण फुकट का निवडावे?

रिचर्ड स्टॉलमन याने 1983 साली ज्या चळवळीची घोषणा केली, तिचा आग्रह किमतीचा नव्हता, हक्कांचा होता. आज्ञावली हव्या त्या कामाला वापरण्याचा हक्क, तिच्या आतले वाचून पाहण्याचा हक्क, ती बदलण्याचा हक्क आणि दुसऱ्याला वाटण्याचा हक्क. यातला दुसरा आपण नीट पाहावा. ज्यांना अक्षर वाचण्याची बंदी होती, त्यांना आत काय लिहिले आहे ते वाचण्याचा हक्क म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. 20 मार्च 1927 रोजी महाडला माणसे चवदार तळ्यावर गेली ती तिथले पाणी अधिक गोड होते म्हणून नव्हे, आणि फुकट होते म्हणून तर नव्हेच.

इथे एका मुलीने मला अडवले. ती इंजिनीअरिंगला आहे. "सर, हक्क बरोबर आहे. पण मुलाखतीत विंडोज येतं का म्हणूनच विचारतात. आतलं वाचायचं म्हणता, ते आतलं सगळं इंग्रजीत. आमच्या आयांनी ते कसं वाचायचं?"

तिचे म्हणणे मला मान्य करावे लागले. मुक्त प्रणालीतही वरचे मजले शिकलेल्यांचेच आहेत. मराठी केली तरी फाइलला कुणी धारिका म्हणतो, कुणी संचिका, सरकारी कचेरीत ती नस्ती होते. कारखान्यात जाणाऱ्या माणसाला मात्र फाइलच कळते. शिक्षणावाचून हक्क कागदावर राहतो, आणि जी जाहिरात हे लपवते ती मुक्त वस्तूची असली तरी खोटीच.

म्हणून चांगल्या घोषणेची आमच्या घरातली कसोटी मी मुलांपुढे ठेवली. बाबासाहेबांनी दिलेली घोषणा आठवा. तीत विशेषण नाही, वचन नाही, फक्त तीन क्रियापदे आहेत. ती ऐकणाऱ्याला काही देऊ करीत नाही. त्याच्याकडून काही मागते. बाजाराची जाहिरात गिऱ्हाईक घडवते, चळवळीची घोषणा कर्ता घडवते.

रात्री उशिरा जो कागद तयार झाला तो असा : 'जुना संगणक भंगारात घालू नका. रविवारी अभ्यासिकेत घेऊन या. त्यात नवी सिस्टीम आपल्या हाताने घाला. आम्ही शेजारी बसू. शिकलात की दुसऱ्याला शिकवा. नोकरीसाठी विंडोजही लागते, तीही इथे शिकता येईल.' फुकट हा शब्द त्यात कुठेच नाही. शेवटचे वाक्य त्या मुलीचे आहे, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते, कारण आपल्याच वस्तूची उणीव सांगणारी जाहिरात मी आजवर वाचली नव्हती.

पहिल्या रविवारी तीन माणसे आली. त्यांतल्या एका बाईंनी विचारले, "पैसे किती?" मुलगी म्हणाली, "पैसे नाहीत मावशी, पण बसून शिकावं लागंल." बाई खुर्ची ओढून बसल्या.