पाहिलेला वाघ आणि दिसलेला वाघ

'मीं वाघ पाहिला' आणि 'मला वाघ दिसला' हीं दोन वाक्यें मराठींत एकाच घटनेचीं नव्हेत. पहिल्यांत माणूस ठरवून गेला आणि जें पाहावयाचें होतें तें पाहून आला. दुसऱ्यांत वाघ स्वतःच्या कामानें चालला होता आणि माणूस त्याच्या वाटेंत आला. प्राण्यांविषयींच्या आपल्या प्रवासलेखनाची परीक्षा करावयाची तर या दोन क्रियापदांपासून आरंभ करणें सोयीचें होईल. माझें म्हणणें असें कीं, आपल्या लेखकांना प्रवासांत जें दिसतें तेंहि ते पाहिल्यासारखेंच लिहितात, आणि म्हणून या प्रकारचें बरेंचसें लेखन निर्जीव होतें.

पाहण्याची पराकाष्ठा म्हणजे मोठ्या शहरांतील प्राणिसंग्रहालय. आम्हां हिंगोलीकरांना असें संग्रहालय म्हटलें कीं हैदराबादचें आठवतें. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यांत होता. राज्य बदललें तरी सहलींची वाट फारशी बदलली नाहीं. मीर आलम तलावाजवळ सुमारें ३८० एकरांवर पसरलेलें तेथील नेहरू प्राणिसंग्रहालय १९६३ सालीं लोकांसाठीं उघडलें. जें आपल्या गांवीं कधींहि दिसणार नाहीं तें दाखविणें हें अशा संस्थेचें प्रयोजन. मुंबईच्या राणीच्या बागेंत २०१६ सालीं पेंग्विन आणले गेले ते याच हेतूनें. हा हेतु मी क्षुद्र मानीत नाहीं. कयाधूच्या कांठच्या मुलाला गेंडा दुसऱ्या कोणत्या उपायानें दिसणार? परंतु या स्थळाची जी रीत आहे ती लेखनांत शिरली कीं घात होतो. जर्मनींत हांबुर्गजवळ कार्ल हागेनबेक यानें १९०७ सालीं गज काढून त्यांच्या जागीं खंदक योजले. तेव्हांपासून प्राणी मोकळा असल्याचा भास निर्माण करण्याची कला जगभर पसरली. खंदक प्रेक्षकाच्या नजरेंत भरूं नये अशी योजना असते. पाटी मात्र नजरेंत भरलीच पाहिजे. प्रेक्षक आधीं नांव वाचतो व मग प्राणी शोधतो. नांवाशीं रूप जुळलें कीं पाहणें संपलें, आणि तो पुढच्या पाटीकडे वळतो.

आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठीं येणारे सहलीचे लेख मी पुष्कळ वर्षें वाचीत आलों आहें. त्यांत सिंह, गेंडा, जिराफ, पाणघोडा अशी हजेरी असते आणि प्रत्येकाच्या गळ्यांत एकेक विशेषण अडकविलेलें असतें : सिंह रुबाबदार, पाणघोडा आळशी, माकड खट्याळ. नांदेडकडे जातांना खिडकींतून हरभऱ्याच्या शेतापलीकडे दिसलेला काळविटांचा कळप एका ओळींत संपतो, किंवा येतच नाहीं. एका वर्षीं मात्र एका विद्यार्थ्यानें निराळा परिच्छेद लिहिला. 'नीलगाय' ही पाटी वाचून, हा आपल्याकडचा रोही होय, हें त्याला प्रथम उमगलेंच नाहीं. शेजारीं उभें असलेलें एक कुटुंब त्या जनावराच्या गरीब डोळ्यांचें कौतुक करीत होतें. याच जनावरांच्या पायीं, हरभरा घाटे धरूं लागला कीं आपले वडील रात्रीं शेतांत जागल करतात, हें त्याला आठवलें. त्यानें लिहिलें तें इतकेंच. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, रचना विस्कळीत होती. तरी साऱ्या अंकांत एखादें जनावर जिवंत होतें तें याच परिच्छेदांत. कारण तेथें पाहणारा आणि पाहिलेलें यांचा कांहीं व्यवहार होता.

ही दृष्टि मराठी गद्याला नवी नाहीं. तेराव्या शतकांतील 'लीळाचरित्रां'त सशाच्या रक्षणाची लीळा आहे. पारध्यांनीं पिटाळलेला ससा श्रीचक्रधरांच्या मांडीखालीं येऊन दडतो. पारधी तो मागतात. संवाद होतो आणि ससा वांचतो. लीळेचा भर सशाच्या रूपावर नाहीं. तो आश्रयाला आला आहे, यावर आहे. ज्यांची जन्मभूमि म्हणून आमच्या जिल्ह्यांतील नरसीला मान आहे, त्या नामदेवांची आख्यायिकाहि सर्वांच्या परिचयाची आहे. कुत्र्यानें भाकरी पळविली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले. दोन्ही कथांत प्राणी माणसाकडे कांहीं मागतो; एक आश्रय मागतो, दुसरा वाटा. रोहीहि शेतकऱ्याकडे वाटाच मागतो, आणि तो देणाऱ्याचें घर त्या पिकावर चालत असतें. या पेचाचें वाङ्मय आपल्याकडे कितीसें आहे?

अर्वाचीन लेखकांत व्यंकटेश माडगूळकर व मारुती चितमपल्ली यांनीं पाहण्याची घाई टाकून दिली, हा त्यांचा मोठा उपकार होय. 'नागझिरा' (१९७९) या पुस्तकांत माडगूळकर अरण्यांत मुक्काम करून राहतात आणि जनावर आपल्या वेळेनें दिसेल तेव्हां पाहतात. चितमपल्लींनीं वनखात्याच्या सेवेंत अरण्यवासीयांकडून पशुपक्ष्यांचीं नांवें शिकून घेतलीं व तीं मराठीच्या स्वाधीन केलीं; २०२५ सालीं ते निवर्तले तेव्हां आपली भाषा त्यांच्यामुळें कितीतरी अधिक श्रीमंत झालेली होती. पाटीवरील नांवाला उत्तर द्यावयाचें तें असें. तरीहि एक उणीव सांगितली पाहिजे. या लेखनाचें क्षेत्र मुख्यतः अरण्य आहे. अरण्यांत माणूस पाहुणा असतो. शेतांत जनावर पाहुणें असतें, आणि तेंहि न बोलाविलेलें. 'बनगरवाडी' (१९५५) मधील मेंढपाळांचा माळ हा सन्मान्य अपवाद होय. पण त्या वाटेनें पुढें गेलेले लेखक थोडे.

कोणी म्हणेल, सौंदर्य तटस्थपणें पाहावें, त्यांत पिकाच्या नुकसानीचा हिशेब कशाला? परंतु खंदकाच्या अलीकडून तटस्थ राहण्यास फारसें कांहीं लागत नाहीं. ज्याचें पीक त्या रात्रीं पणाला लागलें आहे, त्यालाहि रोहीची धांव सुंदर वाटली तर त्या सौंदर्याला वजन येतें. तें वजन लेखनांत उतरविणें हें खरें कठीण काम.

याची कसोटी पाहणारी घटना आमच्याच जिल्ह्यांतून गेली. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांतला एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्यें बाहेर पडला. त्याच्या गळ्यांत रेडिओ-पट्टा होता. तेलंगणांतील आदिलाबादकडे वळून, नांदेड, हिंगोली, वाशीम अशा जिल्ह्यांतून तो डिसेंबरांत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत पोहोंचला. सुमारें १,३०० किलोमीटरांची ही वाट शेतें, ओढे, नद्या व हमरस्ते यांवरून गेली. तो विसावलेल्या झुडपांत एकदां माणसांचा घोळका शिरला आणि एकजण जखमी झाला. एवढ्या मोठ्या प्रवासांत माणसांशीं त्याची गंभीर झटापट झाली ती ही एवढीच. जगभरच्या वृत्तपत्रांनीं त्याला 'वॉकर' म्हणून ओळखलें आणि त्याची वाट नकाशावर रेषेनें दाखविली. नांव, अंतर, नकाशा. म्हणजे पुन्हा पाटीच.

ज्यांच्या तुरी-कपाशींतून तो गेला त्यांनीं त्या रात्रीं काय केलें, पाणी द्यावयास कोण गेलें व कोण घरीं राहिलें, पिकांत उमटलेलें पाऊल पाहून कोणाला भय वाटलें आणि कोणाला, आपल्या रानांत वाघ आला, याचा अभिमान वाटला, हें त्या रेषेंत येत नाहीं. तें सांगण्यास मराठीच पाहिजे, आणि ती या शेतांत बोलली जाते. आमच्या तरुण लेखकांनीं हैदराबादची सहल अवश्य करावी, गेंडा डोळे भरून पाहावा. पण लिहावयास बसल्यावर परतीच्या वाटेवरील शेतांत जागल करणाऱ्यापाशीं एक रात्र बसून यावें. वाचकानेंहि असा लेख हातीं आला कीं इतकेंच विचारावें : लेखक आणि जनावर यांच्यामध्यें खंदक आहे, कीं शेताचा बांध?