'सायको'मधील सातत्यदोष : चूक, ठिगळ आणि समीक्षेचा प्रश्न

आल्फ्रेड हिचकॉक दिग्दर्शित 'सायको' हा चित्रपट १९६० साली प्रदर्शित झाला. भयपटांच्या इतिहासातील त्याचे स्थान आज सर्वमान्य आहे. तथापि या चित्रपटाविषयी होणाऱ्या लेखनाचा बराच मोठा भाग पडद्यामागील किस्से आणि चुकांच्या याद्या यांनीच व्यापलेला आढळतो. असे लेखन रंजक असते, यात शंका नाही. परंतु तेच समीक्षेच्या जागी उभे राहू लागले, तर त्याची तपासणी करणे क्रमप्राप्त ठरते. प्रस्तुत लेखात या चित्रपटातील काही सातत्यदोष आणि त्यांभोवतीचे किस्से यांचा विचार केला आहे.

रॉबर्ट ब्लॉक यांच्या १९५९ मधील कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट सुमारे ८ लाख डॉलरमध्ये, कृष्णधवल फितीवर आणि हिचकॉक यांच्या दूरचित्रवाणी मालिकेतील तंत्रज्ञांना हाताशी धरून तयार झाला. काटकसर आणि वेग ही त्या निर्मितीची अटच होती. त्यामुळे त्यातील काही दोष निष्काळजीपणातून आलेले नसून निर्मितीपद्धतीच्या खुणा म्हणून उरलेले आहेत.

आरंभीच्या दृश्याचेच उदाहरण घेता येईल. फिनिक्स शहरावर अक्षरे उमटतात : शुक्रवार, ११ डिसेंबर, दुपारचे २ वाजून ४३ मिनिटे. पुढे पैसे घेऊन निघालेली मेरियन गाडीत बसलेली असताना मागील रस्त्यावर नाताळची सजावट दिसते. मात्र संपूर्ण चित्रपटात नाताळचा कोणी साधा उल्लेखही करीत नाही. चुका शोधणाऱ्यांनी याची नोंद घेतली आहे. वस्तुस्थिती अशी की, फिनिक्सच्या रस्त्यांचे चित्रण वेगळ्या पथकाने करून आणले होते व त्यात ही सजावट आली होती. पुन्हा चित्रण करण्याऐवजी आरंभी तारीख घालण्यात आली. चित्रीकरणाच्या वर्षी, म्हणजे १९५९ साली, ११ डिसेंबरला शुक्रवारच होता. तारीख हे असे एक ठिगळ होय. पण मिनिटांपर्यंत अचूक असलेल्या त्या अक्षरांमुळे आरंभाला पोलिसी जबानीचा कोरडेपणा आला आणि पुढील गुन्ह्याची चाहूल तेथेच लागली.

याहून अधिक विचार करायला लावणारा दोष स्नानगृहातील हत्येच्या प्रसंगात आहे. हा प्रसंग डिसेंबर १९५९ मध्ये सात दिवस चित्रित होत होता. हत्येनंतर रक्तमिश्रित पाणी मोरीच्या छिद्रात वाहून जाते, त्या काळ्या वर्तुळातून मेरियनचा उघडा डोळा उमटतो आणि चित्र सावकाश फिरत मागे सरकते. या डोळ्यातील बाहुली लहान, आकुंचित आहे. मृत्यूनंतर बाहुली विस्फारते, हे नेत्रतज्ज्ञांनी चित्रपट प्रदर्शित झाल्यावर हिचकॉक यांना पत्रांतून कळविले आणि बेलाडोनाचे थेंब वापरण्याचा उपायही सुचविला. कारण उघड आहे. जॅनेट ली जिवंत होत्या आणि समोर चित्रीकरणाचे प्रखर दिवे होते.

येथे चुका शोधणाऱ्यांचे म्हणणे मान्य करावे लागते, मात्र त्यांनी दिलेल्या कारणासाठी नव्हे. प्रेक्षक शवविच्छेदन करायला बसलेला नसतो. प्रश्न प्रतिमेचा आहे. छिद्राचा काळा गोल डोळ्यात विरघळतो, हीच या जोडणीची कल्पना असेल, तर विस्फारलेली बाहुली त्या गोलाला अधिक जवळची ठरली असती. म्हणजे वैद्यकीय चूक टाळण्याने कलात्मक लाभच झाला असता. दुसरीकडे, लहान बाहुलीचा डोळा अजून पाहत असल्याचा भास होतो. थोड्याच वेळापूर्वी भिंतीतील भोकातून पाहणारा नॉर्मनचा डोळाही असाच पडदा व्यापून गेला होता. पाऊण तासाहून अधिक काळ जिच्या नजरेने प्रेक्षकाने जग पाहिले, तिचा डोळा आता त्याच्याकडेच रोखलेला राहतो. लाभ आणि हानी यांचा असा हिशेब कोणत्याही यादीत मांडला जात नाही.

पडद्यामागील किश्श्यांची अवस्था तर याहून गमतीची आहे. मृतावस्थेतील जॅनेट ली यांची हालचाल हिचकॉक यांच्या पत्नी अल्मा रेव्हिल यांनी हेरली, असे सांगितले जाते. पण ती हालचाल कोठे पापणीची असते, कोठे आवंढ्याची, तर कोठे श्वासाची. किंकाळी खरी यावी म्हणून बर्फासारखे थंड पाणी सोडल्याची कथा स्वतः ली यांनी नाकारली आहे. या प्रसंगाची रेखाचित्रे काढणारे सॉल बास यांनी आपणच त्याचे दिग्दर्शन केल्याचा दावा केला, तोही ली आणि सहायक दिग्दर्शक हिल्टन ग्रीन यांनी अमान्य केला. कॅमेऱ्याच्या जागा हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांना ७० सांगितल्या. २०१७ च्या एका माहितीपटाने ७८ हा आकडा थेट आपल्या शीर्षकातच घेतला. किश्श्यांमध्येच एवढे सातत्यदोष असताना त्यांची यादी मात्र कोणी केलेली दिसत नाही!

१९९८ साली गस व्हॅन सँट यांनी हाच चित्रपट बव्हंशी दृश्यागणिक तसाच, पण रंगीत पुन्हा चित्रित केला. हिचकॉक यांना आरंभी हवे असलेले, परंतु तेव्हा न साधलेले अखंड हवाई चित्रणही त्यात आहे. तंत्रातील उणीव भरून निघाली, भय मात्र त्या प्रमाणात आले नाही.

आर्बोगास्ट हा गुप्तहेर जिना चढतो, त्या प्रसंगाची हकीकत या संदर्भात महत्त्वाची आहे. हिचकॉक एके दिवशी आजारी होते, म्हणून बास यांच्या रेखाचित्रांनुसार सहकाऱ्यांनी त्याचे कठड्यावरील हात, पायऱ्यांवरील पाय असे तुकडे चित्रित केले. त्यांत तांत्रिक दोष नव्हता. परंतु ते पाहिल्यावर हिचकॉक यांना जाणवले की, जिना चढणारा हा निष्पाप मनुष्य त्या तुकड्यांमुळे कपटी, वाईट हेतूने आलेला वाटतो. त्यांनी ते वगळले आणि आर्बोगास्टचे जिना चढणे एकाच सलग, साध्या चित्रणात ठेवले.