साक्षर आज्ञावलीलेखन

साक्षर आज्ञावलीलेखन : संगणकाने पार पाडावयाच्या आज्ञा आणि त्यांमागील विचार सांगणारे विवरण ही दोन्ही एकाच संहितेत, मानवी वाचकास समजेल अशा क्रमाने लिहिण्याची पद्धती. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड क्नूथ यांनी १९८४ साली ‘द कंप्यूटर जर्नल’ या नियतकालिकातील लेखाद्वारे ही संज्ञा रूढ केली. आज्ञावली ही प्रथम माणसाने वाचावयाची कृती आहे, यंत्राकडून ती पार पाडून घेणे ही पुढची गोष्ट होय, असे त्यांचे प्रतिपादन होते.

तंत्र : क्नूथ यांच्या ‘वेब’ या प्रणालीत लेखक एकच संहिता तयार करतो. ‘वीव्ह’ ही साहाय्यक आज्ञावली तीतून सूची व परस्परसंदर्भ यांसह छपाईयोग्य ग्रंथ सिद्ध करते, तर ‘टँगल’ ही त्याच संहितेतून पास्कल भाषेतील आज्ञा वेगळ्या काढून यंत्राला हव्या त्या क्रमाने लावते. संहितेचे लहान क्रमांकित परिच्छेद पाडलेले असतात. एखाद्या परिच्छेदात पुढील कामाचे केवळ नाव नोंदवून त्याचा तपशील नंतर सोयीच्या जागी देता येतो. सर्वसाधारण टिपांपेक्षा ही पद्धती येथेच वेगळी ठरते. टिपा यंत्राच्या क्रमाच्या आश्रयाने राहतात. येथे मात्र विवेचनाचा क्रम प्रमुख असून आज्ञा त्यास अनुसरतात. आज्ञांमधील टिपा गोळा करून त्यांची आपोआप पुस्तिका करणारी साधने पुढे प्रचारात आली. परंतु प्रत्येक भाग काय करतो एवढेच त्यांतून सहसा कळते, तो तसाच का केला हे क्वचितच कळते. पुढे सी भाषेसाठी ‘सीवेब’ आणि कोणत्याही भाषेस चालणारी नॉर्मन रॅम्झी यांची ‘नोवेब’ ही साधने निर्माण झाली.

यशापयश : या पद्धतीचे सर्वांत भक्कम उदाहरण म्हणजे क्नूथ यांचीच ‘टेक्’ ही अक्षरजुळणीची आज्ञावली. तिची १,३०० हून अधिक परिच्छेदांची संहिता १९८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. चूक दाखविणाऱ्यास क्नूथ पारितोषिक देत. वाचकांनी खरोखर चुका दाखविल्या व त्यांची नोंद क्नूथ यांनी स्वतः प्रसिद्ध केली. याच साली जॉन बेंटली यांच्या सदरात क्नूथ यांनी लेखनातील सर्वाधिक वेळा आलेले शब्द मोजणारी आज्ञावली सादर केली. परीक्षक डग्लस मॅकिलरॉय यांनी तिच्या मांडणीची प्रशंसा केली. परंतु तेच काम सहा तयार आज्ञांच्या साखळीने साधते, हेही दाखविले. हा आक्षेप रचनेवरचा आहे, विवरणावरचा नव्हे. ती साखळीही तिच्या घटक साधनांची माहिती असलेल्यासच कळते. तिचे विवरण अन्यत्र, त्या साधनांच्या पुस्तिकांत असते.

भारतीय समांतर : नियम आणि त्याची कारणमीमांसा एकत्र ठेवण्याचा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त करणसूत्र, उदाहरण आणि न्यास असा क्रम आढळतो. ‘सिद्धांतशिरोमणी’वर (११५०) तर त्यांनी स्वतःच ‘वासनाभाष्य’ लिहून नियमांची उपपत्ती दिली. याउलट कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांच्या ‘ग्रहलाघवा’त (१५२०) ज्यांचा अवलंब न करता ग्रहगणित करण्याच्या सुटसुटीत रीती आहेत, त्यांची उपपत्ती पुढे मल्लारी या टीकाकाराने दिली. रीती ठाऊक असल्या की पंचांग करता येते. महाराष्ट्रात अनेक पिढ्यांनी ते केले. परंतु एकोणिसाव्या शतकात गणित आणि प्रत्यक्ष वेध यांतील अंतर जाणवू लागले, तेव्हा केरोपंत छत्रे यांच्यासारख्या उपपत्ती जाणणाऱ्या विद्वानांनाच सुधारणा सुचविता आली. उत्तर काढण्यास रीत पुरते. ती दुरुस्त करण्यास कारण ठाऊक असावे लागते. विवरणाचा खरा उपयोग या दुसऱ्या कामी होतो.

अलीकडील वळण : २०११ पासून प्रचारात आलेल्या आणि २०१४ पासून ‘ज्युपिटर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकीय वह्यांमुळे गद्य, आज्ञा व उत्तरे एका पानावर आली. तथापि सान्निध्य म्हणजे सुसंगती नव्हे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आठ लाखांहून अधिक वह्या पुन्हा चालवून पाहिल्या असता सुमारे २४ टक्केच निर्दोष चालल्या आणि सुमारे ४ टक्क्यांतच पूर्वीची उत्तरे मिळाली. मुंबईतील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने प्रमाणभूत पाठ्यपुस्तकांतील सोडविलेल्या उदाहरणांच्या आज्ञावल्या विद्यार्थी व शिक्षक यांच्याकडून लिहवून घेतल्या. त्यांतील पायथन भाषेतील संच अशा वह्यांच्याच रूपात आहेत. मुक्त साधनांच्या प्रसाराच्या दृष्टीने हा उपक्रम मोलाचा आहे. परंतु या संचांचे स्वरूप सहचर पुस्तिकेचे असून विवेचन मूळ पाठ्यपुस्तकात राहते. पुस्तक जवळ नसलेल्यास उत्तर मिळते, मार्ग कळत नाही. वहीचे रूप स्वीकारले म्हणजे साक्षरता आपोआप येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

मूल्यमापन : या पद्धतीची मुख्य मर्यादा साधनांत नाही. यंत्र आज्ञांची परीक्षा करते, गद्याची करीत नाही. आज्ञा बदलून विवरण तसेच राहिले तरी संगणक तक्रार करीत नाही. ती तपासणी वाचकच करू शकतो. म्हणून जेथे आज्ञावली दीर्घकाळ टिकावयाची असते आणि तिला जाणता वाचक लाभतो, तेथे ही पद्धती फलद्रूप होते. रोज बदलणाऱ्या व अनेक हातांनी घडणाऱ्या व्यावसायिक आज्ञावल्यांत तिचा प्रसार मर्यादित राहिला, याचे कारणही हेच होय. तसेच तिच्यासाठी गणित व गद्य या दोहोंवर हुकमत असलेला लेखक लागतो आणि असे लेखक विरळा. तरीही निवृत्तिवेतन, करआकारणी किंवा प्रवेशयादी यांसारखे निर्णय आज्ञावल्यांवर सोपविले जात असताना, निर्णय कोणत्या नियमाने व का झाला हे नागरिकास वाचता येणे आवश्यक ठरते. अशा आज्ञावल्यांचे विवरण हा सोयीचा नव्हे, तर उत्तरदायित्वाचा भाग मानावा लागेल.