उफिझी कलासंग्रहालय : ‘निवडक कलाकृतीं’च्या यादीची चिकित्सा

प्रबोधनकालीन कलेचा विचार फ्लॉरेन्समधील उफिझी कलासंग्रहालय वगळून करता येत नाही. कोझिमो पहिला मेदिची याच्यासाठी व्हाझारीने १५६० मध्ये या वास्तूचे काम सुरू केले, ते प्रशासकीय कचेऱ्यांसाठी. ‘उफिझी’ या शब्दाचा अर्थच ‘कचेऱ्या’ असा आहे. आज तेथे येणारा प्रेक्षक बहुधा ठरलेली यादी घेऊन येतो : बोत्तिचेल्लीची ‘प्रिमाव्हेरा’ व ‘व्हीनसचा जन्म’, मायकेलअँजेलोचे ‘तोंदो दोनी’, तिशनची ‘उर्बिनोची व्हीनस’, काराव्हाज्जोची ‘मेदुसा’. वेळ थोडा व दालने पुष्कळ असल्याने अशी यादी सोयीची ठरते. मात्र ती कलाकृतींच्या अंगभूत श्रेष्ठतेतूनच सिद्ध झाली आहे, हे गृहीतक तपासणे आवश्यक आहे.

मेदिची घराण्यातील आना मारिया लुइझा हिने १७३७ च्या करारान्वये घराण्याचा संग्रह फ्लॉरेन्सबाहेर जाणार नाही, अशी तरतूद केली. परदेशी प्रवाशांचे कुतूहल जागवणे हा हेतूही त्या करारात नमूद आहे. १७६९ मध्ये संग्रहालय सर्वांसाठी खुले झाले. त्या काळच्या प्रवाशाचे मुख्य आकर्षण होते ‘त्रिबुना’ हे अष्टकोनी दालन आणि त्यातील ‘मेदिची व्हीनस’ हे प्राचीन संगमरवरी शिल्प. योहान झोफानीने १७७० च्या दशकात रंगविलेल्या त्रिबुनाच्या चित्रात हे शिल्प आहे, तिशन आहे, राफाएल आहे. बोत्तिचेल्ली मात्र नाही. आज तेच दालन प्रेक्षक उंबरठ्यावरून पाहून पुढे जातो.

बोत्तिचेल्लीची पुनःप्रतिष्ठा ही एकोणिसाव्या शतकातील घटना होय. ‘व्हीनसचा जन्म’ हे चित्र १८१५ मध्ये उफिझीत आले, तर ‘प्रिमाव्हेरा’ १९१९ मध्ये. वॉल्टर पेटरने १८७० मध्ये बोत्तिचेल्लीवर निबंध लिहिला, तेव्हा या चित्रकाराकडे लक्ष वेधण्याची गरज भासत होती. चित्रे तीच राहिली, अभिरुची बदलली. म्हणजेच आजची यादीही एका विशिष्ट काळाचे अपत्य ठरते.

यादीची दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ती कलाकृती सुट्या करून दाखवते. संग्रहालयाचे सामर्थ्य मात्र तुलनेत असते. आरंभीच्या एका दालनात सिंहासनाधिष्ठित मेरी व बाल येशू या एकाच विषयावरील तीन भव्य वेदीचित्रे एकत्र मांडलेली आहेत. चिमाब्वेच्या चित्रात देवदूत एकावर एक रचल्यासारखे दिसतात आणि वस्त्रांच्या चुण्या सोनेरी रेषांनी दाखविलेल्या आहेत. दुत्चोच्या चित्रात (करार १२८५) गुडघे टेकलेले देवदूत सिंहासनाभोवती जणू अधांतरी आहेत. जोत्तोच्या चित्रात वस्त्राखालचे गुडघे जाणवतात, देहाला वजन येते आणि पुढील देवदूतांच्या प्रभावलयांमुळे मागच्यांचे चेहरे झाकले जातात. सुमारे तीन दशकांतील हे स्थित्यंतर एकेका चित्रासमोर क्षणभर थांबून उमगत नाही. तिन्हींमध्ये पुन्हा पुन्हा ये-जा करावी लागते.

तात्पर्य, यादी त्याज्य नाही. ती अंतिम नाही, एवढेच. कलेतिहासाच्या अध्यापनात मात्र ती बहुधा सिद्ध सत्य म्हणूनच विद्यार्थ्यांच्या हाती पडते. श्रेष्ठ कलाकृतींची नावे सांगताना ती श्रेष्ठ कोणी, केव्हा व कशाच्या आधारे ठरविली, हा प्रश्नही अध्यापकाने मांडला पाहिजे. अन्यथा विद्यार्थी नावे पाठ करील. पाहण्याची शिस्त त्याला लाभणार नाही.