आणि मायराचे काय?

एम.ए.ला असताना अमेरिकन कादंबरीच्या पेपरात दोन प्रश्न हमखास येत. एक, ‘कथानकाची चर्चा करा’ आणि दुसरा, ‘अमुक पात्राचे स्वभावचित्र रेखाटा’. जे घडते ते कथानक आणि ज्याला घडते ते पात्र, एवढ्या भांडवलावर आम्ही विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतली अख्खी अमेरिका पालथी घातली.

थिओडोर ड्रायझरची ‘सिस्टर कॅरी’ (१९००) घ्या. तिच्यातला हर्स्टवुड शिकागोतल्या एका बड्या मद्यगृहाचा मॅनेजर. एका रात्री त्याला तिजोरी उघडी सापडते. तो नोटा बाहेर काढतो, परत ठेवतो, पुन्हा काढतो. आणि नोटा हातात असतानाच तिजोरीचे दार ‘खट्’ करून बंद होते. झाली चोरी! करायची की नाही हे बिचाऱ्याचे अजून ठरतच होते. पुढे त्या एका ‘खट्’वर त्याचे सगळे आयुष्य घसरत जाते. स्कॉट फिट्जेराल्डचा गॅट्सबी (१९२५) याच्या अगदी उलट. त्याने पोरवयातच एका पुस्तकाच्या मागच्या पानावर उठण्यापासून अभ्यासापर्यंतचे वेळापत्रक आखलेले. म्हणजे एकाचे कथानक कुलपाने लिहिले, दुसऱ्याने स्वतःच्या हाताने. शेवट दोघांचाही वाईटच. पण निदान उत्तरपत्रिकेत लिहायला काहीतरी घडते तरी!

माझी खरी पंचाईत केली ती सिंक्लेअर लुइसच्या ‘बॅबिट’ने (१९२२). जॉर्ज बॅबिट हा झेनिथ नावाच्या कल्पित शहरातला घरे विकणारा दलाल. वय ४६. पहिली सात प्रकरणे होईपर्यंत त्याचा एकच दिवस संपतो. गजर होतो, तो उठतो, न्हाणीघरातल्या ओल्या टॉवेलांवरून चिडतो, दाढी करतो आणि वापरलेले ब्लेड औषधांच्या कपाटावर टाकून देतो. तिथे आधीची पन्नाससाठ ब्लेडे साठलेली. ती एक दिवस काढायची, असे तो मनाशी म्हणतो. सिगार सोडायचेही त्याच चालीवर चाललेले. त्याला अभिमान कशाचा, तर आपले गजराचे घड्याळ भारीपैकी असल्याचा!

‘बॅबिट हा माणूस नसून नमुना आहे,’ असे मी ठणकावून लिहिले आणि बऱ्यापैकी मार्क मिळवले. वय एकवीस. एकविसाव्या वर्षी बाकीची सगळी माणसे नमुनेच वाटतात. माझ्या बाजूने पुरावाही होता: ‘बॅबिट’ हा शब्द पुढे इंग्रजी शब्दकोशांतच जाऊन बसला आणि लुइसला १९३० साली साहित्याचे नोबेल मिळाले. तो मान मिळवणारा तो पहिला अमेरिकन.

पुढे मीही सेहेचाळीस वर्षांचा झालो. एके दिवशी दाढी करून ब्लेड कपाटावर टाकले, ते तिथल्या दुसऱ्या ब्लेडांवर पडून किणकिणले, आणि मी मुकाट्याने माळ्यावरून ‘बॅबिट’ काढली. या खेपेला हसू निम्म्यावरच थांबले. बॅबिटचा मित्र पॉल, ज्याला व्हायोलिन वाजवायचे होते, तो बायकोवर गोळी झाडून तुरुंगात जातो. बॅबिट हादरतो आणि त्यानंतर बंड करू पाहतो. एका विधवेच्या नादी लागतो, उदारमतवादी वकिलाची बाजू घेतो, शहरातल्या प्रतिष्ठितांच्या संघटनेत नाव घालायला नकार देतो. मित्र तोंड फिरवतात, धंदा बसू लागतो आणि गडी निमूटपणे कळपात परत येतो. म्हणजे कथानक सुरू होता होता राहिले, हेच कथानक. शेवटी घरच्यांना न सांगता लग्न करून बसलेल्या मुलाला तो बाजूला घेतो आणि कबूल करतो, की उभ्या आयुष्यात आपण मनासारखी एकही गोष्ट केली नाही, तू तरी कर. हे वाचून माझे डोळे भरून आले. ‘हा नमुना नव्हे, माणूस आहे,’ असे मी स्वतःलाच सांगितले आणि आपण थोर समीक्षक झालो असे समजून पुस्तक कपाटात ठेवले.

परवा तेच पुस्तक हिने वाचायला घेतले. चार दिवसांनी म्हणाली, “अहो, आणि त्या मायराचं काय?”

“कोण मायरा?”

“त्याची बायको!”

“ती दुय्यम पात्र आहे,” मी म्हणालो.

हिने न बोलता पहिल्याच प्रकरणातले पान काढून दिले. तिथे लुइस सांगतो, की ही बाई जिवंत आहे याची घरात, दहा वर्षांची धाकटी मुलगी सोडली तर, कोणाला दखलही नव्हती. समासात माझ्या एकविसाव्या वर्षीच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिले होते: ‘विनोद.’

मग तिने शेवटाकडचे एक पान काढले. मायरा नवऱ्याला सांगते, की मीही या सगळ्याला कंटाळले आहे. तिथे पेन्सिलीची रेघसुद्धा नव्हती. लुइसने नवऱ्याला बंड दिले आणि बायकोला काय दिले, तर आत्मोन्नतीचे एक व्याख्यान आणि अपेंडिक्सचे ऑपरेशन. तिच्या पोटात दुखते तेही कथानकाच्या सोयीसाठी, कारण त्या दुखण्यामुळेच बॅबिट घरी परततो आणि मित्र पुन्हा फुले घेऊन येतात.

“लेखकाला बायका कळत नसतील,” मी सारवासारव केली. पण ते खरे नाही. दोनच वर्षे आधी, १९२० साली, याच लुइसने ‘मेन स्ट्रीट’मध्ये लहान गावात घुसमटणाऱ्या एका डॉक्टरच्या बायकोवर आख्खी कादंबरी लिहिली होती. त्याला कळत होते. म्हणूनच त्याने मायराचे वाक्य तिथे ठेवले आणि बॅबिटला ते धड ऐकू येऊ दिले नाही. बॅबिटच्या घरात आपण बॅबिटच्याच डोळ्यांनी वावरतो. तो मुलाजवळ मन मोकळे करतो तेव्हाही मायरा बाकीच्यांबरोबर बाहेरच असते. माझी तक्रार एवढीच, की लुइसने तिला फारच थोडी पाने दिली. माझ्यासारख्या वाचकाला ती सहज ओलांडता येतात. दोनदा ओलांडली की!

“तुला काय करायचं होतं गं?” मी विचारले. लग्नाला चाळीस वर्षे होऊन गेल्यावर.

“आठवून सांगते,” ती म्हणाली आणि खरेच सांगू लागली. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी उठली नाही. चौथीला मी उठलो आणि गॅस बंद करून परत येऊन बसलो.