चिनी महाल, चिनी भांडीं आणि नांवाचा पुरावा

बुलढाणा जिल्ह्यांत अध्यापन करीत असतां आम्ही अनेक वर्षें विद्यार्थ्यांस सांगत होतों कीं, दौलताबादच्या चिनी महालास तें नांव चीनहून आणविलेल्या राजभांड्यांमुळें पडलें. तें विधान चुकीचें होतें व तें येथें परत घेणें आमचें कर्तव्य होय. इ. स. १६८७ त गोवळकोंडा पडल्यावर अबुल हसन तानाशाहास ज्या वास्तूंत कैदेंत ठेविलें, तिचें 'चिनीपण' भिंतीवरील निळ्या-पांढऱ्या झिलईच्या फरशांत आहे.

चुकीचें मूळ शब्दांत आहे. संस्कृतांतील 'चीनांशुक' म्हणजे चीनचें रेशमी वस्त्र. तेथें पूर्वपद उत्पत्तिस्थान दाखवितें. लोकभाषेंत मात्र 'चिनी' हा शब्द झिलईच्या कोणत्याहि वस्तूस लागूं लागला. घरोघरच्या लोणच्याच्या बरणीची 'चिनी माती' चीनहून आलेली नसते.

दक्षिणेंत खरीं चिनी पात्रें नव्हतींच, असा याचा अर्थ नव्हे. विजापूरच्या आसार महालांत तीं होतीं. प्रश्न तीं ओळखण्याचा आहे. येथें कोरीव लेख हा पहिला पुरावा वाटतो. इराणच्या शाह अब्बासानें सतराव्या शतकाच्या आरंभीं एक हजाराहून अधिक चिनी पात्रें अर्दबील येथील पूर्वजाच्या दर्ग्यास अर्पण केलीं व त्यांवर वक्फाचा शिक्का कोरविला. जहांगीर व शहाजहान यांचींहि नांवें अशा पात्रांवर आढळतात. परंतु असा लेख मालक सांगतो, कर्ता सांगत नाहीं. तळाची चिनी राजमुद्राहि निर्णायक नव्हे. कांगशी सम्राटाच्या कारकीर्दींत (१६६२-१७२२) दोन शतकें जुन्या चेंगहुआ राजवटीची मुद्रा नव्या भांड्यांवर घातली जात असे.

म्हणून अखेरचा निवाडा मृत्तिकेकडे जातो. सुमारें १३०० अंश सेंटिग्रेडच्या आंचेंत भाजलेलें पांढरें चिनी पात्र पातळ भागीं उजेडास अर्धपारदर्शक दिसतें, टिचकीनें घणघणतें व फुटल्या कडेनें पाणी शोषीत नाहीं. फरशीच्या झिलईखालील अंग सच्छिद्र असतें. निळा रंग मात्र दोहोंकडे कोबाल्टचाच. युआन काळांत तर चिनी कुंभारांस तो इराणाकडून मिळे. तेव्हां रंगावरून देश ठरविणें व्यर्थ होय. हिरव्या पात्रांत विषान्न पडतांच तें तडकतें, ही दरबारी समजूतहि वस्तुपरीक्षेपुढें टिकत नाहीं.

आमच्या जिल्ह्यांत सिंदखेडराजा येथें लखुजी जाधवांचा वाडा आहे. साखरखेर्डें येथें इ. स. १७२४ त निजाम व मुबारिझखान यांची लढाई झाली. अशा स्थळीं निळा तुकडा हातीं आल्यास कोणी त्यास राजसंग्रहांतील ठेवा म्हणतो, तर कोणी आधुनिक बशी समजून फेंकून देतो. दोन्ही निर्णय सारखेच अविचाराचे. अभ्यासकांस आमची विनंति एवढीच कीं, तुकड्याचें अंग, कड, झिलई व सांपडल्याची जागा आधीं नोंदावी. 'चिनी' हें नांव मागाहून द्यावें.