एका मर्यादेचे नाव आणि तिचा अर्थ

संज्ञा अन्वर्थक नसेल, तर तिच्या आधारे केलेला विचारही आडवाटेस लागतो. पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीतील ‘मॅक्स लॉक्स पर ट्रान्झॅक्शन’ ही संज्ञा याचे ठळक उदाहरण होय.

हजारो तक्ते असलेल्या डेटाबेसची प्रत ‘पीजी डम्प’ने काढू लागताच पुष्कळदा ‘सामायिक स्मृती संपली’ असा संदेश येतो आणि काम तिथेच थांबते. यंत्रात विपुल स्मृती मोकळी असूनही हे का घडावे? प्रत सुसंगत राहावी म्हणून हा प्रोग्रॅम आरंभीच प्रत्येक तक्त्यावर वाचनाचे कुलूप घालतो आणि ती सारी कुलपे एकाच व्यवहारात अखेरपर्यंत राखतो. या कुलपांच्या नोंदवहीचा आकार सर्व्हर सुरू होतानाच ठरतो. संपते ती या वहीतील जागा. यंत्रातील स्मृती नव्हे. साहजिकच यंत्रात स्मृती वाढविण्याचा उपाय व्यर्थ ठरतो.

नावावरून वाटते की, एका व्यवहारास इतकीच कुलपे मिळतील. वस्तुतः 64 हा मूळ आकडा सरासरीचा आहे. त्यास जोडण्यांच्या कमाल संख्येने, म्हणजे मूळच्या 100 ने, गुणले की सर्वांची मिळून सुमारे 6,400 जागा होतात; आणि एकटा व्यवहारही त्या बहुतांशी व्यापू शकतो. 20,000 तक्त्यांसाठी हा आकडा 256 केल्यास 25,600 जागा मिळतात. एका नोंदीस काही शे बाइटच लागत असल्यामुळे खर्च थोड्या मेगाबाइटांचा असतो.

प्रणालीच्या बाजूने दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. आगाऊ राखलेली जागा इतर कामे बळकावू शकत नाहीत. आणि दोषसंदेशच हा आकडा वाढविण्याचे सुचवितो. परंतु जोडण्यांशी असलेला संबंध नावात कोठेही दिसत नाही. काटकसर म्हणून जोडण्या 100 वरून 20 वर आणणाऱ्या व्यवस्थापकाच्या हातून नोंदवहीही सुमारे 1,280 जागांपर्यंत आक्रसते, आणि कालपर्यंत निघणारी प्रत आज निघेनाशी होते. आकडा बदलण्यास सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. अनुगामी सर्व्हरवर तो मुख्य सर्व्हरहून कमी चालत नाही, म्हणून वाढ प्रथम तेथे करावी लागते.

सारांश, दोष मर्यादा घालण्यात नाही. समाईक साठ्यास वैयक्तिक वाट्याचे नाव देण्यात आहे. त्याची किंमत मोजावी लागते ती बिघाडाच्या दिवशी, प्रत हाती नसताना.